सुरीच्या पात्यावरचा काळा थर सुटू लागला आहे: काढावा, ठेवावा की सुरीच बदलावी?

माहुलीकाठ (सातारा) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गोष्ट स्वयंपाकघरातली आणि लहानशी आहे, परंतु घरात चार वर्षांचे मूल असल्यामुळे मला ती तशीच सोडून देता येत नाही.

गेल्या आठवड्यात कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत असताना तिच्यावर दोन-तीन काळे ठिपके दिसले. पहिल्या क्षणी ती मोहरी वाटली, पण फोडणी अजून कढल्यातच होती, त्यामुळे मोहरी नव्हे हे लगेच लक्षात आले. एक ठिपका नखाने उचलून पाहिला तर तो चुरडला नाही. कांद्याच्या सालीच्या टोकासारखा पातळ, एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने करडा असा तो पापुद्रा होता. मग सुरी खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. धारेलगतचा बोटाच्या पेराएवढा पट्टा पूर्णपणे उघडा पडला आहे आणि त्या पट्ट्याच्या कडेने काळा थर भिंतीवरच्या जुन्या रंगासारखा पोपडे धरून उचलला गेला आहे.

ही सुरी चार वर्षांपूर्वी साताऱ्यातच एका दुकानातून घेतली होती. खोक्यावर ‘नॉन-स्टिक’ एवढेच लिहिलेले होते. थर कशाचा आहे याचा कोठेही उल्लेख नव्हता. तिच्याबरोबर घेतलेल्या दुसऱ्या सुरीचे पाते सोनेरी आहे. तिचा रंग फक्त धारेशी विटला आहे, पापुद्रे सुटलेले नाहीत. तिसरी वस्तू म्हणजे सासूबाईंनी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतून आणलेली विळी. तिच्या पात्यावर आणि पुढच्या खवणीवर आरशासारखा चकचकीत मुलामा होता, तो आता खवणीच्या दात्यांवरून उडालेला दिसतो.

घरात तीन मते आहेत. सासूबाईंच्या मते तिन्ही वस्तू मोडीत द्याव्यात. माझ्या पतींच्या मते हे टेफ्लॉन आहे आणि ते पोटात गेले तरी काही होत नाही. शेजारच्या काकांनी सुचवले आहे की सुरी गॅसच्या ज्योतीवर धरली की उरलेला थर जळून जाईल आणि खालचे स्वच्छ पोलाद वापरता येईल. यातले कोणते बरोबर आहे, थर काढायचा झाल्यास घरी कसा काढावा आणि काढल्यानंतर सुरी गंजेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


कुपवाडचा टूलरूमवाला (सांगली) यांचे उत्तर

ताई, नमस्कार. सर्वांत आधी एक विनंती: ती सुरी गॅसवर मुळीच धरू नका. कारण पुढे येईलच, पण तोवर कोणी उत्साहाने प्रयोग करून बसू नये म्हणून हे पहिल्यांदा लिहितो. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे टूलरूममध्ये काम केले. कापणाऱ्या हत्यारांना पाणी देणे (म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करणे), त्यांना धार लावणे आणि कोटिंग करून आलेला माल तपासणे हेच माझे काम होते.

आपण ज्याला सरसकट कोटिंग म्हणतो त्यात प्रत्यक्षात अगदी वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी येतात, आणि आपल्या घरातल्या तीन वस्तूंवर त्यातल्या तीन निरनिराळ्या जाती आहेत. म्हणून तिन्हींचा निर्णय एकाच मापाने करता येणार नाही. काळ्या सुरीवर आहे तो रंग. सोनेरी सुरीवर बहुधा धातूच्या संयुगाची अत्यंत पातळ, कठीण त्वचा आहे. विळीवर आहे तो विजेच्या साहाय्याने चढवलेला धातूचा मुलामा. यांपैकी पोपड्यांच्या रूपाने सुटतो तो रंग आणि मुलामा. कठीण त्वचा झिजते, पण सहसा पापुद्रे धरत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कारखान्यात बहुतेक वेळा पात्यावर कोटिंग आधी केले जाते आणि धार शेवटी लावली जाते. म्हणजे सुरी अगदी नवी कोरी असतानाही प्रत्यक्ष कापणारी जी रेघ असते ती उघड्या पोलादाचीच असते. कोटिंग असते ते पात्याच्या गालांवर, आणि त्याचा उपयोग बटाटा किंवा चीज चिकटू नये, गंज धरू नये आणि सुरी दुकानात उठून दिसावी एवढाच. त्यामुळे कोटिंग गेले म्हणजे सुरी गेली असे होत नाही. खालचे पोलाद कसे आहे यावर सगळे अवलंबून असते.

आता काळ्या सुरीविषयी. अशा थरात सामान्यतः पीटीएफई हे प्लास्टिक असते. टेफ्लॉन हे त्याचेच व्यापारी नाव. १९३८ मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीतील रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती ते योगायोगाने लागले. हा पदार्थ इतका निष्क्रिय आहे की त्याचा कण गिळला गेला तर तो न पचता तसाच बाहेर पडतो, म्हणून काकडीबरोबर एखादा ठिपका पोटात गेला असला तरी घाबरण्याचे कारण नाही. आपल्या पतींचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे. पण ते शुद्ध पीटीएफईच्या बाबतीत खरे आहे, आणि पात्यावरचा थर म्हणजे केवळ पीटीएफई नसतो. तो पोलादाला धरून राहावा म्हणून त्यात चिकटवणारी रेझिने आणि काळेपणासाठी रंगद्रव्ये मिसळावी लागतात. खोक्यावर काही न लिहिलेल्या सुरीत ती कोणती आहेत हे आपण घरी बसून ठरवू शकत नाही. पूर्वी हे प्लास्टिक बनवताना पीएफओए नावाचे एक सहायक रसायन वापरत असत. त्याचा समावेश २०१९ मध्ये स्टॉकहोम करारातील घातक रसायनांच्या यादीत झाला आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तयार झालेल्या आणि नीट भाजलेल्या थरात ते राहिलेच तर अत्यल्प राहते. तरीही माझे मत स्पष्ट आहे: पापुद्रे सुटणारी सुरी लहान मुलाच्या ताटासाठी त्या अवस्थेत वापरू नये. एक तर थर पूर्ण काढावा, नाही तर सुरी स्वयंपाकघरातून बाहेर काढावी.

थर का सुटतो याचेही उत्तर आपल्या वर्णनातच आहे. रंग पोलादाला धरतो तो पोलाद आधी खरखरीत आणि तेलविरहित केले असेल तरच. ती तयारी कमी पडली की धारेशी, जिथे पोलाद उघडे आहे, तिथून पाणी, मीठ आणि आंबट रस थराखाली शिरतात. त्यांनी खाली बारीकसा गंज धरला की तो फुगतो आणि थराला आतून उचलतो. वरून तारेच्या घासणीने घासले, सुरी रात्रभर सिंकमध्ये ओली राहिली, किंवा धारवाल्याने साणेवर ती आडवी धरून रुंद पट्टा घासला की सुरुवात होते. आपण सांगितलेला पेराएवढा उघडा पट्टा मला तरी अशा साणेचाच वाटतो, कारण नुसत्या चिरण्याने एवढा सरळ पट्टा पडत नाही.

काढायचा असेल तर पॉलिश पेपरने आणि पाण्याखाली काढावा. हार्डवेअरच्या दुकानात काळा, पाण्यात चालणारा पॉलिश पेपर मिळतो. ३२०, ६०० आणि १००० या नंबरांचे एकेक-दोन तुकडे घ्यावेत. सुरी लाकडी फळीवर सपाट ठेवावी, धारेवर कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन पदर लावावेत आणि मूठ फळीला घट्ट बांधावी. पेपर लाकडाच्या लहान ठोकळ्याला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, मुठीकडून टोकाकडे अशा लांबीच्याच दिशेने घासावे. आडवे घासलेले ओरखडे नंतर जात नाहीत आणि त्यांत गंज बसतो. कोरडे कधीही घासू नये, कारण त्या रंगाची भुकटी श्वासातून आत जाणे हे गिळण्यापेक्षा वाईट आहे. जमलेला काळा चिखल कागदाने टिपून कचऱ्यात टाकावा, सिंकमध्ये वाहू देऊ नये. ३२० ने सगळा काळेपणा गेला, विशेषतः मुठीलगतच्या कोपऱ्यातला, की मग पुढचे नंबर घ्यावेत. पाते जितके गुळगुळीत होईल तितका गंज कमी धरेल. शेवटी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, कोरडे करून, मगच धार लावावी. तारेची घासणी या कामात वापरू नका. तिचे लोखंडी कण पोलादात रुतून बसतात आणि दोन दिवसांत स्टेनलेसवरही तांबूस ठिपके उमटतात. रंग काढायचे रसायनही स्वयंपाकाच्या सुरीला नको, कारण ते मुठीच्या फटीत शिरून बसते.

सोनेरी सुरीवर टायटॅनियम नायट्राइड असावे; हार्डवेअरच्या दुकानात जे सोनेरी ड्रिल मिळतात त्यांच्यावर असते तेच. तो थर साधारण एक ते पाच मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ, पण कडकपणात खालच्या पोलादाच्या दुपटीहून अधिक. एका झाकलेल्या कोपऱ्यात सुईचे टोक दाबून ओढून पाहा. ओरखडा उठला नाही आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवलेल्या कापसावर रंग उतरला नाही, तर तो खरा थर आहे. तसे असल्यास त्याला हात लावू नका. तो निरुपद्रवी आहे, धारेशी झिजणे स्वाभाविक आहे आणि घरच्या साधनांनी तो निघणारही नाही. कापूस सोनेरी झाला तर मात्र तो नुसता रंग समजावा आणि काळ्या सुरीसारखीच वागणूक द्यावी.

विळीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. चकचकीत मुलाम्यात सहसा खाली निकेल आणि वर क्रोमियमचा मायक्रॉनहूनही पातळ थर असतो. वीज टोकांवर आणि कडांवर अधिक केंद्रित होते, त्यामुळे मुलामा खवणीच्या दात्यांवरच सर्वांत जाड आणि सर्वांत ठिसूळ बसतो, आणि नारळाच्या करवंटीवर दाते आपटले की तिथूनच तो तडकतो. त्याचे कण रंगासारखे मऊ नसतात. ते धारदार असतात, आणि पांढऱ्या खोबऱ्यात चंदेरी कण डोळ्यांना दिसतही नाहीत. निकेलची काहींना ॲलर्जीही असते. हा मुलामा घरी ॲसिडने काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका: क्रोमियम ॲसिडात उतरले की ते पाणी कोठे टाकायचे हा प्रश्न राहतोच, शिवाय कडक पोलाद ॲसिडात राहिले की त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. त्या विळीवर आजपासून नारळ खवू नये, एवढेच आत्ता सांगतो.


कोयनाकाठ (कराड) यांचे उत्तर

गॅसच्या ज्योतीबद्दल मी स्वानुभवाने लिहितो, कारण मी हेच केले होते.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका काळ्या सुरीची अवस्था आपल्या सुरीसारखीच झाली होती. मी ती चिमट्यात धरून मोठ्या ज्योतीवर दोन-तीन मिनिटे फिरवली. थर प्रथम तकतकीत झाला, मग त्यातून पांढरट धूर निघाला आणि घशाला जळजळ होईल असा तिखट वास घरभर पसरला. त्या संध्याकाळी मला अंगात कणकण आणि छातीत जडपणा जाणवला. दुसऱ्या दिवशी तो आपोआप गेला. पुढे डॉक्टरांकडून समजले की पीटीएफई सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर बिघडू लागते आणि ३५० च्या पुढे त्यातून निघणाऱ्या वायूंमुळे फ्लूसारखा ताप येऊ शकतो. पाळलेले पक्षी तर अशा धुराने दगावतात. आपल्याकडे पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर हे विशेष लक्षात ठेवावे.

सुरीचेही नुकसान झाले, आणि ते मला नंतर कळले. राख पुसल्यावर पात्याचे टोक आणि धारेचा भाग जांभळट-निळा झालेला दिसला. मला तो रंग तेव्हा सुंदरच वाटला. पण लाल भोपळा कापायला घेतला तर धार पहिल्याच कापात वळली. बोट फिरवले की एका बाजूला धारेची कडा लागत होती. परत लावली, परत वळली. आमच्या गावच्या लोहारकाकांना दाखवली तेव्हा त्यांनी हातात घेताच सांगितले की हिचे पाणी उतरले आहे.


कुपवाडचा टूलरूमवाला (सांगली) यांचे उत्तर

कराडच्या मित्रांनी अगदी नेमके लिहिले आहे. लोहारकाकांनी रंगावरून ओळखले, आणि आम्हीही कारखान्यात रंगावरूनच ओळखत असू. पाणी दिलेले साधे पोलाद घासून उजळ करून तापवले की सुमारे २२० अंशांना त्याच्यावर गवतासारखा पिवळा रंग येतो, पुढे तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० ला निळा. धारेसाठी पिवळा चालतो. निळ्यापर्यंत गेलेले पोलाद स्प्रिंगला योग्य, सुरीला नव्हे. स्टेनलेसमध्ये हेच रंग थोड्या अधिक तापमानाला उमटतात, पण धार मऊ पडायची ती पडतेच. पात्याचा जाड पाठीचा भाग तापायला वेळ लागतो, पण धारेचा भाग कागदाएवढा पातळ असल्यामुळे तो काही सेकंदांत निळा होतो, आणि आपल्याला नेमका त्याचाच उपयोग असतो. ग्राइंडरच्या चाकावर थर उडवतानाही हेच घडते. म्हणून धारवाल्याकडे सुरी देताना त्याला मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे. चांगला कारागीर न सांगताही बुडवतो.


द्राक्षबाग (तासगाव) यांचे उत्तर

विषय स्वयंपाकघराचा असला तरी आमच्या बागेतही हाच प्रश्न दर छाटणीला उभा राहतो, म्हणून लिहितो.

एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन्ही वेळी आमच्याकडे रोज पंधरा-वीस सिकेटर (छाटणीच्या कात्र्या) चालतात. त्यांतल्या निम्म्यांच्या पात्यांवर काळे किंवा राखाडी कोटिंग असते. वेलीचा चीक चिकटू नये आणि दोन पाती एकमेकांवरून सहज सरकावीत यासाठी ते असते आणि नव्या सिकेटरला त्याचा फरक खरोखर जाणवतो. पण एका हंगामात ते निम्मे जाते. पूर्वी मी असे सिकेटर बाजूला टाकत असे. आता टाकत नाही, कारण अनुभव असा आहे की कोटिंग गेलेला पण चांगल्या पोलादाचा सिकेटर, रोज संध्याकाळी पुसून एक थेंब तेल दिले तर, आणखी चार-पाच हंगाम निघतो, आणि कोटिंग शाबूत असलेला पण मऊ पोलादाचा सिकेटर एका हंगामात काड्या चिरडू लागतो. चिरडलेल्या काडीची जखम लवकर भरत नाही, त्यामुळे आम्हाला कोटिंगपेक्षा धारेची किंमत अधिक.

दोन गोष्टी मात्र सांगाव्याशा वाटतात. सिकेटरचे कापणारे पाते बाहेरच्या, उतरत्या बाजूनेच घासावे. आतली सपाट बाजू, जी दुसऱ्या पात्यावरून सरकते, तिच्यावरचे कोटिंग काढण्यासाठी पेपर मारला तर मध्ये फट पडते आणि मग कितीही धार लावली तरी काडी पात्यांमध्ये दुमडते. दुसरे असे की मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याचा हात लागलेले हत्यार तसेच ठेवू नये. लोखंड मोरचुदात पडले की त्याच्यावर तांब्याची लाली चढते आणि तेवढे लोखंड विरघळते. कोटिंगला जिथे चीर असेल तिथून हे आत शिरते आणि बाहेरून धड दिसणारा थर खालून पोकळ होतो. रोग एका वेलीवरून दुसरीवर जाऊ नये म्हणून पाती ब्लीचिंगच्या द्रावणात बुडवतात, त्याचाही परिणाम असाच. आम्ही त्यासाठी आता स्पिरिट वापरतो.

जाता जाता: नवा विळा किंवा कोयता आणला की त्याच्या पात्यावर हिरवा रंग किंवा पारदर्शक वॉर्निश असते. ते दुकानात गंज धरू नये एवढ्यापुरतेच असते. ऊसतोडीला ते पहिल्या दिवशीच निघून जाते, पण घरात भाजीसाठी तसला विळा आणला असेल तर वापरण्याआधीच ते घासून काढावे.


माहुलीकाठ (सातारा) यांची पुढची शंका

आपण सर्वांनी एवढ्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गॅसचा विचार सोडून दिला आहे. सोनेरी सुरीवर सुईने ओरखडा उठला नाही आणि कापूसही पांढराच राहिला, त्यामुळे ती निश्चिंतपणे वापरत आहे.

काळ्या सुरीबद्दल अजून एक विचारायचे आहे. खालचे पोलाद स्टेनलेस आहे की साधे, हे घासण्याआधी कसे ओळखावे? मी लोहचुंबक लावून पाहिले, ते चिकटले, म्हणून ते स्टेनलेस नसावे असे पतींचे म्हणणे आहे. आणि विळीला पुन्हा मुलामा देऊन घेता येईल का? ती सासूबाईंच्या फार जिव्हाळ्याची आहे.


कुपवाडचा टूलरूमवाला (सांगली) यांचे उत्तर

लोहचुंबकाची परीक्षा भांड्यांना काही प्रमाणात लागू पडते, सुरीला नाही. आपली ताटे-वाट्या ज्या स्टेनलेसची असतात त्यात निकेल असते आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. सुरीचे स्टेनलेस वेगळ्या जातीचे असते. त्याला पाणी देऊन कडक करता आले पाहिजे, आणि त्या जातीला चुंबक हमखास चिकटतो. म्हणून चुंबकावरून काहीच ठरत नाही. त्याऐवजी धारेलगतच्या उघड्या पट्ट्यावर लिंबाच्या रसात चिमूटभर मीठ विरघळवून एक थेंब ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी तिथे तपकिरी किंवा काळपट डाग असेल तर साधे पोलाद. पुसल्यावर जवळजवळ काही उरले नाही तर स्टेनलेस.

साधे निघाले तरी वाईट वाटून घेऊ नका. आपल्या आज्यांच्या विळ्या साध्याच पोलादाच्या होत्या. त्यांच्यावर चिरलेले वांगे काळे पडते म्हणून फोडी लगेच पाण्यात टाकत, आणि केळफूल किंवा फणस चिरताना हाताला आणि पात्याला आधी तेल लावत. कांदा, कैरी, कच्ची केळी चिरून चिरून अशा पात्यावर एक निळसर-करडा रंग चढतो. तो गंज नव्हे; तो काढू नये, उलट तोच पुढच्या तांबूस गंजाला थोडाफार अडवतो. वापरल्यावर लगेच धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, बोटावर येईल इतके खोबरेल तेल फिरवले की पुरे. नेहमी न लागणाऱ्या सुरीला शेंगदाण्याचे तेल लावू नका. ते हवेने चिकट होते आणि त्यावर धूळ बसते.

विळीला पुन्हा मुलामा देणे शक्य आहे, पण मी देऊ नये असेच सांगेन. नवा मुलामाही पहिल्या नारळालाच त्याच दात्यांवरून तडकू लागेल. विळीचा पाट आणि तिची बैठक जिव्हाळ्याची असते, पाते नव्हे. ते रिव्हेट काढून बदलता येते. आपल्याकडे यात्रेत आणि आठवडी बाजारात घिसाडी बसतात, त्यांना जुना पाट दाखवला तर ते त्याच मापाचे, मुलामा नसलेले पाते खवणीसह घडवून बसवून देतात. पाते घेताना त्याच्या पाठीवर नखाने टिचकी मारून आवाज ऐका: पाणी दिलेले पाते खणखणीत वाजते, बद्द वाजणारे घेऊ नका.


माहुलीकाठ (सातारा) यांनी नंतर लिहिलेले

बारा दिवसांनी लिहीत आहे. लिंबू-मिठाच्या थेंबाखाली सकाळी अगदी फिकट करडा वर्तुळाकार डाग होता आणि तो फडक्याने निघाला, म्हणून स्टेनलेस समजून काम सुरू केले. गेल्या रविवारी पतींनी आणि मी अंगणात फळीवर सुरी बांधून ती घासली. धारेजवळचा थर दहा मिनिटांत गेला, पण मुठीलगतचा दोन बोटांचा भाग मात्र जाम निघेना. तिथे तो मूळचाच घट्ट बसलेला होता आणि एकट्या त्या भागाला पाऊण तास लागला. सगळे मिळून पावणेदोन तास गेले. पाते आरशासारखे झाले नाही, पण एकसारखे करडे आणि गुळगुळीत झाले आहे. बटाटा आता पात्याला चिकटतो, एवढाच फरक जाणवतो, आणि तो चालेल.

विळी घेऊन सासूबाई आणि मी आठवडी बाजारात गेलो. तिथल्या घिसाडी मावशींनी जुने पाते हातात घेऊन खवणीच्या दात्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला लागलेला चंदेरी पापुद्रा सासूबाईंना उन्हात धरून दाखवला. त्यानंतर सासूबाईंनी स्वतःच पाते बदलायला सांगितले. नवीन पाते काळेभोर, हातोडीच्या खुणा असलेले आहे, फक्त धारेची कड उजळ आहे. टिचकी मारून आवाज ऐकल्यावरच घेतले. पाट तोच ठेवला आहे. काल त्याच्यावर पहिला नारळ खवला, आणि खोबरे पाण्याच्या पातेल्यात ढवळून तळाशी काही बसते का ते पाहिले. काही बसले नाही.